पिकअपची ताकद : आवाजात की चाकात?

महाराष्ट्रात टेंभुर्णी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यातील पुणे-सोलापूर महामार्गावरची टेंभुर्णी सर्वांच्या परिचयाची. तिच्या दारातून मालमोटारींची अखंड वर्दळ सुरू असते. जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीची स्थिती वेगळी आहे. या परिसरातील कापूस, सोयाबीन, मका आणि भाजीपाला यांना मोठ्या बाजारपेठेपर्यंत आपणहून जावे लागते. जालन्याचा मोंढा असो, शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगावराजा असो किंवा छत्रपती संभाजीनगरची बाजारपेठ असो, शेतापासून तेथवरचा प्रवास आज प्रामुख्याने एकाच वाहनावर अवलंबून आहे. ते वाहन म्हणजे पिकअप.

बैलगाडी मागे पडली, ट्रॅक्टरची ट्रॉली लांबच्या पल्ल्याला परवडेना आणि दहा चाकी मालमोटार गल्लीबोळात शिरेना, तेव्हा ती मधली जागा या वाहनाने भरून काढली. २००५ मध्ये टाटा कंपनीने ‘एस’ हे छोटे मालवाहू वाहन बाजारात आणले आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ते घरोघरी पोहोचले. महिंद्राच्या बोलेरो पिकअपने ग्रामीण भागात आपले बस्तान बसविले. २०११ मध्ये अशोक लेलँडचे ‘दोस्त’ आले. शेतीत पुरेसे उत्पन्न न दिसणाऱ्या अनेक तरुणांनी बँकेचे अथवा वित्तसंस्थेचे कर्ज काढून पिकअप घेतला. त्याचा हप्ता, डिझेल आणि टायर या तीन खर्चांवर त्यांचा व्यवसाय तरतो किंवा बुडतो.

या पार्श्वभूमीवर वाहन ‘सजविण्याची’ हौस तपासून पाहणे आवश्यक ठरते. नवा पिकअप घरी आला की काही महिन्यांतच तीन सुधारणांची चर्चा सुरू होते. मोठा आवाज करणारा सायलेन्सर, चकाकणारी रुंद अलॉय चाके आणि मूळ मापापेक्षा मोठे टायर. समाजमाध्यमांवरील परदेशी पिकअपच्या चित्रफितींनी या हौसेला खतपाणी घातले आहे. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु पिकअपच्या बाबतीत ते मोल वाहनधारकालाच मोजावे लागते आणि प्रसंगी रस्त्यावरील इतरांनाही. खिशात असलेले मोजके पैसे कोणत्या सुधारणेवर आधी खर्च करावेत, हा प्रश्न म्हणूनच वरवर दिसतो त्यापेक्षा गंभीर आहे.

टायरच्या कडेवरील भाषा

वाहनाचा रस्त्याशी येणारा एकमेव संबंध टायरमार्फत येतो. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा किंवा त्याहून थोडा मोठा भाग कोणत्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो. ब्रेक, वळण, भार आणि वेग हे सारे त्या चार तळहातांवर पेललेले असते. साहजिकच सुधारणेचा पहिला रुपया येथेच खर्च व्हावयास हवा. प्रत्यक्षात टायर विकत घेताना विचारले जाणारे प्रश्न बहुधा दोनच असतात. किंमत किती आणि किती किलोमीटर चालेल?

टायरच्या कडेवर छापलेली अक्षरे आणि आकडे याहून बरेच काही सांगतात. ‘२१५/७५ आर १५’ असे माप असेल, तर टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १५ इंच असा त्याचा अर्थ होतो. त्यापुढे येणारा आकडा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो असतो भारांक. १०० भारांकाचा टायर ८०० किलो भार पेलू शकतो, १०४ चा ९०० किलो, १०६ चा ९५० किलो, तर १०८ चा १००० किलो. हलक्या मालवाहू वाहनांच्या टायरवर ‘१०६/१०४’ असे दोन भारांक असतात. त्यातील पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटर, ‘एन’ म्हणजे १४०, ‘क्यू’ म्हणजे १६०.

हे गणित एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मालासह एकूण ३००० किलो वजनाच्या पिकअपच्या मागच्या एक्सलवर १९०० किलो भार येतो असे धरले, तर मागील प्रत्येक टायरवर ९५० किलो येतात. १०६ भारांकाचा टायर तेथे जेमतेम पुरतो. त्याच मापाचा, दिसायला तसाच, परंतु मोटारगाडीसाठी बनविलेला १०० भारांकाचा टायर स्वस्त मिळाला म्हणून बसविला, तर दोन टायर मिळून १६०० किलोच पेलतात. म्हणजे कायदेशीर भार असतानाही ३०० किलोंचा बोजा त्यांच्या क्षमतेबाहेरचा ठरतो. असा टायर पहिल्याच दिवशी फुटत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे. तो आतून तापत, झिजत राहतो आणि एखाद्या दुपारी, भरल्या गाडीत, वेगात असताना हात टेकतो.

टायरच्या वयाकडेही असेच दुर्लक्ष होते. कडेवरील चार अंकी संख्या उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दर्शविते. ‘२२२४’ याचा अर्थ २०२४ सालातील बाविसावा आठवडा. रबर न वापरताही कालांतराने कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून घेणे हा तोट्याचा सौदा होय. आयएसआय चिन्ह नसलेला टायर तर दारातूनच परत पाठवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे झालेली बचत हलक्या टायरवर उधळण्याऐवजी योग्य भारांकाच्या टायरसाठी वापरणे शहाणपणाचे ठरेल.

नक्षीची निवड वापरावर ठरते. खोल गोट्यांचे ‘बटण’ टायर दमदार दिसतात आणि चिखलात उपयोगी पडतात. परंतु डांबरी अथवा काँक्रीटच्या रस्त्यावर ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकडही कमी पडते. जाफराबाद-भोकरदन पट्ट्यातील काळ्या मातीत पावसाळ्याचे काही आठवडे सोडले, तर पिकअपचा बहुतांश प्रवास पक्क्या रस्त्यावरच होतो. अशा वेळी पुढे सरळ रेषांची नक्षी आणि मागे मध्यम खोलीची मिश्र नक्षी ही निवड अधिक व्यवहार्य आहे. एकाच एक्सलवर एका बाजूस रेडियल आणि दुसऱ्या बाजूस नायलॉन टायर बसविणे सर्वथा टाळावे. कारण दोहोंची लवचिकता वेगळी असल्याने वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाते. रिमोल्ड टायर वापरायचेच असतील, तर ते निदान पुढच्या चाकांना नसावेत.

हवा, उष्णता आणि एक जुना धडा

टायर कितीही उत्तम असला, तरी भार पेलते ती त्यातील हवा. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडू लागला की एक चुकीची समजूत डोके वर काढते. रस्ता तापला आहे, टायर फुटेल, म्हणून हवा कमी करावी. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हवा कमी झाली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यागणिक अधिक दबते, त्या दबण्यातून उष्णता निर्माण होते आणि तीच उष्णता आतील थर सुटण्यास कारणीभूत ठरते. चालून तापलेल्या टायरमधील दाब काही पौंडांनी वाढलेला दिसतो, तो अपेक्षितच असतो. वाहन उत्पादकाने सांगितलेला दाब थंड टायरसाठी असतो आणि रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी तो वेगवेगळा असतो. पहाटे निघण्यापूर्वी हवा तपासण्याची सवय ही सर्वांत स्वस्त सुधारणा होय.

या बाबतीत अमेरिकेतील एक प्रकरण उद्बोधक आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यातील बरेचसे फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ या वाहनावर बसविलेले होते. धावत्या टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि या अपघातांशी अडीचशेहून अधिक मृत्यू जोडले गेले. टायरच्या रचनेतील दोष तपासात पुढे आला. परंतु त्याचबरोबर शिफारस केलेला हवेचा कमी दाब, उष्ण हवामान, भार आणि वेग यांची सांगड हाही वादाचा मुख्य मुद्दा ठरला. तेथील वाहने नवी होती, रस्ते उत्तम होते आणि कायदेही कडक होते. तरीही काही पौंड हवेचा प्रश्न राष्ट्रीय चर्चेचा विषय बनला. उन्हाळ्यात भरल्या पिकअपने लांबचा पल्ला गाठणाऱ्या मराठवाड्यातील चालकाला तर हा धडा अधिकच लागू पडतो.

समृद्धी महामार्गामुळे या धड्याचे महत्त्व वाढले आहे. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग पूर्ण झाला. जालना आणि सिंदखेडराजा येथून या मार्गावर चढता येत असल्याने या भागातील पिकअपना पूर्वी न मिळालेला सलग वेग मिळू लागला. गावातल्या खड्ड्यांत ताशी ३० किलोमीटरने चालणारा गुळगुळीत टायर काही काळ निभावून नेतो. काँक्रीटवर तासन् तास धावताना तो निभावत नाही. या महामार्गावरील अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ मध्ये टायर तपासणीची मोहीम हाती घेतली ती याच कारणासाठी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असणे बंधनकारक आहे. नक्षीच्या खाचांत दिसणारे छोटे उंचवटे टायरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आले, की ही मर्यादा गाठली असे समजावे. पावसाळ्याच्या दृष्टीने त्यापूर्वीच टायर बदलणे हिताचे.

मोठे टायर, रुंद चाके

मूळ मापापेक्षा मोठा टायर बसविला की गाडी उंच आणि रुबाबदार दिसते. या रुबाबाची किंमतही आकड्यांत मांडता येते. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर असतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसविल्यास तो सुमारे ७३३ मिलिमीटर होतो. म्हणजे चाक सव्वाचार टक्क्यांनी मोठे झाले. वेगदर्शक काटा ८० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे धावत असते. इंजिन तेच, गिअर तेच. मात्र चाक मोठे झाल्याने जमिनीवरील ओढ चार टक्क्यांनी घटते. चढावर भरली गाडी खालच्या गिअरमध्ये टाकावी लागते आणि डिझेल अधिक जळते. ब्रेकलाही मोठे आणि जड चाक थांबवावे लागते. वळणावर टायर मडगार्डला घासू लागला, तर ती वेगळीच डोकेदुखी.

अलॉय चाकांची कथाही याहून वेगळी नाही. मोटारगाडीसाठी ती उपयुक्त ठरतात. कारण योग्य प्रकारे बनविलेले अलॉय चाक वजनाने हलके असते आणि उष्णताही लवकर बाहेर टाकते. मालवाहू पिकअपची गरज मात्र निराळी आहे. खड्ड्यात जोरात आपटल्यास पोलादी रिम वाकते. अलॉयला तडा जाऊ शकतो. वाकलेली रिम बहुधा लक्षात येते, बारीक तडा अनेकदा येत नाही. शिवाय चाकावरही भारक्षमतेचा आकडा असतो. मोटारगाडीचे चाक केवळ नटांची भोके जुळतात म्हणून पिकअपला बसविणे म्हणजे हमालाच्या पायात नाचाची पादत्राणे घालण्यासारखे आहे.

चाके बाहेर काढण्यासाठी लावण्यात येणारे स्पेसर हा तर अधिकच घातक प्रकार. चाक एक्सलपासून जितके बाहेर सरकते, तितका तरफेच्या न्यायाने बेअरिंगवरचा आणि नटबोल्टवरचा ताण वाढतो. स्टिअरिंगची भूमितीही बिघडते. रिमवर खर्च करावयाचाच असेल, तर तो वाकलेल्या रिम बदलणे, चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट, नटांची योग्य आवळणी आणि स्टेपनी सुस्थितीत ठेवणे यांवर व्हावा. या कामांची छायाचित्रे कोणी काढीत नाही. परंतु टायरचे आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असते.

आवाज म्हणजे ताकद नव्हे

सायलेन्सरच्या बाबतीत गैरसमज सर्वाधिक आहेत. जळालेले वायू मोकळेपणाने बाहेर पडले की इंजिनाची ताकद वाढते, या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. शर्यतीच्या गाड्यांमध्ये, जेथे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर चालते आणि इंधनपुरवठाही त्यानुसार बदललेला असतो, तेथे त्याचा लाभ होतो. पिकअपचे टर्बो डिझेल इंजिन मात्र कमी फेऱ्यांवर भार ओढण्यासाठी बनविलेले असते. इंधनाचे प्रमाण, हवेचा दाब आणि टर्बोचे काम यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. त्यात केवळ मागची नळी बदलून पदरात पडते ती प्रामुख्याने आवाजाची वाढ. ताकद वाढली असे वाटते. कारण कानाला ती ऐकू येते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा मानके लागू झाल्यानंतर तर हा विषय पूर्णपणे बदलला. या पिढीच्या डिझेल वाहनांतील धूर बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे साधी नळी राहिलेला नाही. त्यात उत्प्रेरक परिवर्तक असतो, काजळी अडविणारी गाळणी असते आणि तापमान व दाब मोजणारे संवेदक असतात. इंजिनाचा संगणक त्यांच्याकडून सतत माहिती घेत असतो. ही साखळी तोडली की धोक्याचा दिवा लागतो आणि अनेक वाहनांत इंजिन आपोआप कमी ताकदीवर जाते. ताकद वाढविण्यासाठी केलेला खर्च ताकद घटविणारा ठरतो तो असा.

एक अडचण मात्र खरी आहे व ती मान्य करावयास हवी. गाळणीत साचलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन काही काळ सलग, पुरेशा वेगात चालणे आवश्यक असते. शेत ते गाव आणि गाव ते मोंढा अशा छोट्या, संथ फेऱ्या मारणाऱ्या पिकअपमध्ये ही संधी कमी मिळते. गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि कोणीतरी ती काढूनच टाकण्याचा सल्ला देतो. त्यावरील योग्य उपाय माहितीपुस्तिकेतच दिलेला असतो. दिवा लागताच सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालवावी, योग्य प्रतीचे इंजिन ऑइल वापरावे आणि तरीही दिवा विझला नाही, तर अधिकृत कार्यशाळा गाठावी.

गाळणी काढून टाकण्याच्या वृत्तीचे सामूहिक परिणाम किती मोठे असू शकतात, हे अमेरिकेत दिसून आले. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार, आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषणरोधक यंत्रणा निकामी करण्यात आली होती. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असा स्पष्ट निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच काढला आहे. त्या धुराचा पहिला घास चालक, त्याचा मदतनीस आणि रस्त्याकडेची वस्ती हेच असतात.

जुन्या पिकअपचा सायलेन्सर गंजून फुटला असेल, तर तो त्वरित बदलावा. गळका धूर केबिनमध्ये शिरल्यास त्यातील कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. बदलताना मूळ व्यासाचा, मूळ मार्गाने जाणारा आणि मागे योग्य ठिकाणी उघडणारा सायलेन्सर घ्यावा. नळी आखूड करून ती माल ठेवण्याच्या जागेखालीच सोडणे हा कापूस, कडबा आणि मक्याची धाटे वाहणाऱ्या भागात आगीला दिलेला उघड आमंत्रण होय. काळा धूर निघत असेल, तर त्याचे मूळ एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोची गळती अथवा अतिभार यांत शोधावे. दोष पुढे असताना मागची नळी बदलून काही साधत नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरविलेल्या आणि नोंदणीपुस्तकात नमूद असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात याच तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने शिक्षाही स्पष्ट केली. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांसाठी परवान्यावर गदा अशी तरतूद आहे. सुरक्षेशी निगडित, परंतु मानकात न बसणारे सुटे भाग विकणाऱ्यालाही हा कायदा मोकळे सोडत नाही.

याचा अर्थ कोणताही बदल निषिद्ध आहे असा नव्हे. त्याच मापाचा, समान किंवा अधिक भारांकाचा टायर घेणे, उत्पादकानेच त्या वाहनासाठी मान्य केलेले पर्यायी माप निवडणे, मूळ दर्जाचा सायलेन्सर बसविणे यांस कोणतीही आडकाठी नाही. सीमारेषा ओलांडली जाते ती माप, भारक्षमता अथवा प्रदूषणाची पातळी बदलली की. मालवाहू वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या वेळी मूळ सुटे भाग तात्पुरते बसवून नंतर पुन्हा बदलण्याची पळवाट काहीजण शोधतात. तपासणीत ती खपूनही जाईल. परंतु अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक टायरचे माप आणि चाकांची ठेवण पाहतो, तेव्हा ती खपत नाही. विम्याचा दावा वादात अडकला की कर्जाचा हप्ता थांबत नाही, कमाई मात्र थांबते.

खरे दुखणे अतिभाराचे

तथापि, टायर आणि चाके बदलण्यामागे केवळ हौस असते असे मानणे अन्यायाचे होईल. अनेक पिकअपना जाड टायर आणि जादा पाटे बसविले जातात ते अधिक माल भरता यावा म्हणून. भाडे फेरीवर ठरते, डिझेल महाग आहे, व्यापाऱ्याला माल एकाच खेपेत हवा असतो आणि एकाने नाही म्हटले तर दुसरा पिकअप दारात उभाच असतो. या स्पर्धेत दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरणे हा चालकाला नाइलाज वाटू लागतो.

पुन्हा त्याच उदाहरणाकडे वळल्यास, मागच्या एक्सलवरील १९०० किलोंत अतिभारामुळे आणखी ६०० किलोंची भर पडली, तर प्रत्येक टायरवर १२५० किलो येतात. त्यासाठी ११६ भारांकाचा टायर लागेल. समजा तो मिळाला आणि बसलाही. तरी एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चेसी आणि स्टिअरिंग मूळचेच राहतात. साखळीतील एक कडी मजबूत केल्याने साखळी मजबूत होत नाही. तुटण्याची जागा तेवढी बदलते. मागे भार वाढल्याने पुढची चाके हलकी होतात आणि गाडी वळविण्याची व थांबविण्याची क्षमता घटते. अतिभारासाठी कायद्यात वीस हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. तो वाचला, तरी टायर, क्लच आणि ब्रेक यांच्या झिजेतून वसूल होतोच.

रस्त्यालाही हा हिशेब चुकत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकाअखेरीस झालेल्या प्रसिद्ध चाचण्यांतून असे आढळले, की रस्त्याची झीज एक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार २० टक्क्यांनी वाढला, तर झीज दुपटीवर जाते. ज्या खड्ड्यांना वाहनधारक दूषणे देतात, त्यातील काही त्यांच्याच चाकांखाली तयार झालेले असतात.

ज्याला खरोखरच अधिक भार न्यायचा आहे, त्याच्यासाठी कारखान्यातूनच पर्याय उपलब्ध झाले आहेत. २०२२ मध्ये टाटाच्या ‘योद्धा’ची आणि २०२३ मध्ये महिंद्राच्या ‘बोलेरो मॅक्स पिकअप’ची दोन टन क्षमतेची आवृत्ती बाजारात आली. अशा वाहनात चेसी, एक्सल, ब्रेक आणि टायर यांचा विचार एकत्रित झालेला असतो. जुन्या गाडीवर तुकड्यातुकड्याने खर्च करण्यापेक्षा, पुढील खरेदीच्या वेळी योग्य क्षमतेची गाडी निवडणे अंतिमतः स्वस्त पडते.

खर्चाचा क्रम

एकूण विचार करता पिकअपवरील खर्चाचा क्रम फारसा गुंतागुंतीचा नाही. प्रथम योग्य माप व भारांकाचे, ताज्या उत्पादनाचे टायर आणि हवेचा एक विश्वासू मापक. त्यानंतर अलाइनमेंट, बॅलन्सिंग, बेअरिंग व ब्रेक. मग वाकलेल्या रिम आणि स्टेपनी. सायलेन्सर सर्वांत शेवटी, आणि तोही बिघडला असेल तरच. शिल्लक राहिलेले पैसे पुढच्या टायरसाठी बाजूला ठेवले, तर सहा महिन्यांनी गुळगुळीत टायरवर ‘अजून एक फेरी’ मारण्याची वेळ येणार नाही.

तथापि सारा भार एकट्या वाहनधारकावर टाकून व्यवस्थेला नामानिराळे राहता येणार नाही. बाजार समित्यांच्या आवारात आणि जिनिंग कारखान्यांत भुईकाटे आहेत. त्यांचा वापर मालाचे पैसे ठरविण्यासाठी होतो, वाहनाचा भार मर्यादेत आहे की नाही हे चालकाला सांगण्यासाठी होत नाही. त्याच आवारात अचूक मापकासह हवा भरण्याची सोय करणे फारसे खर्चिक नाही. हवेच्या दाबाचा आणि भारांकाचा तक्ता वाहनाच्या दारावर ठळक मराठीत लावण्यास उत्पादकांनाही अडचण नसावी. योग्यता तपासणीत दिवे आणि रंगाइतकेच टायरच्या भारांकाकडेही लक्ष दिले गेले, तर चुकीच्या टायरची विक्री आपोआप मंदावेल. आणि भाडे खेपेऐवजी वजनावर ठरविण्याची पद्धत व्यापारी व वाहनधारक संघटनांनी रुजविली, तर अतिभाराच्या मुळालाच हात घातल्यासारखे होईल.

टेंभुर्णीसारख्या गावाला बाजाराशी जोडणारा दुवा म्हणून पिकअपने गेल्या दोन दशकांत जे स्थान मिळविले, ते आवाजाच्या जोरावर मिळविलेले नाही. माल वेळेवर आणि सुखरूप पोहोचतो, हा विश्वास त्यामागे आहे. तो विश्वास ज्या चार टायरवर उभा आहे, त्यांच्या कडेवरील आकडे वाचण्यास दोन मिनिटे लागतात.